डबा कुत्र्यांना जात होता

मी कामनची. भिवंडी रस्त्यावरचं कामन, आता तिथं गोदामंच गोदामं झालीत, पन माझ्या लहानपनी रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं होती, त्यातली दोन आमची. मी आठ वर्षांची असताना आई कंबरेनं पडली, अंथरुनातून उठवेना तिला, आनि नेमके आवनीचे दिवस, रोपं लावायला दहा मानसं शेतात, त्यांचं दुपारचं जेवन कोन करनार, तर बापूस म्हनला हिरा करील. तेवढंच म्हनला. आनि हिरानं केलं. भाताचं मोठं टोप, पेज काढायला वाकडं केलं ते मला पेललं नाही, सगळी उकळती पेज ह्या डाव्या हातावर आली, हे बघा, मनगटापासून कोपरापर्यंत. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशीसुद्धा जेवन शेतात वेळेवर पोचलं. मीच नेलं, हाताला ओला फडका गुंडाळून. शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच.

म्हनून मला दोन मुली झाल्या, पहिली सानिका आनि मग आर्या, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, ह्या दोघी गॅसपाशी उभ्या राहनार नाहीत. पानी प्यायला आत आल्या तरी मी म्हनायचे बाहेर व्हा, मी देते.

सासर माझं सातिवलीला. आमचे हे टेम्पो चालवतात. आर्या पोटात होती तेव्हा मी कारखान्यातल्या कामगारांना डबे द्यायला लागले, पहिले चार होते, आता तीस. चपात्या, भाजी, डाळ, भात. दिवसभर मशीनपाशी उभी राहनारी मानसं ती, त्यांना तिखट लागतं, तेल लागतं, पोट भरलेलं लागतं. वहिनी तुमच्या हाताला चव आहे, असं सगळे म्हनतात. त्याच टोपातलं मी मुलींच्या डब्यात भरायचे, पहिलं त्यांचं, मग बाकीच्यांचं. संध्याकाळी डबे एकदम रिकामे यायचे. मी शेजारी मिरवायचे, हो, मिरवायचेच, माझ्या मुली डब्यात कन ठेवत नाहीत म्हनून.

आनि मग एक दिवस शाळेतून फोन आला. आर्या चक्कर येऊन पडली. मी हाताला लागलेल्या कनकेसकट रिक्षात बसले. पोर ऑफिसातल्या बाकावर पडलेली, ओठ पांढरे. डॉक्टरकडे नेली तर ते म्हनाले अंगात रक्त नाही, ही खात नाही काही. मी म्हनलं डॉक्टर तुमचं चुकतंय, तीस मानसांना जेवू घालनारी बाई मी, माझी मुलगी उपाशी कशी राहील? पन बाई बरोबर आल्या होत्या शाळेच्या, त्या हळूच म्हनाल्या, मधल्या सुट्टीत हिला खाताना मी पाहिलंच नाही कधी.

घरी येऊन सानिकाला समोर बसवलं. सातवीत होती ती, आर्या चौथीत. डबा जातो कुठं? म्हनाली, आम्ही टाकतो, मागच्या गेटला कुत्री असतात, त्यांना. कधीपासून? वर्ष झालं.

माझा हात सुटला. खोटं कशाला सांगू, जोरात मारली मी तिला. रडली नाही ती. गाल धरून बोलत राहिली, खूप तिखट असतं आई, आर्याच्या तोंडाची आग होते, तीन तीन चपात्या पंधरा मिनिटांत संपत नाहीत, डबा उघडला की पूर्ण क्लासमध्ये वास जातो, सगळ्या हसतात, कंपनीचा डबा आला म्हनतात. मी म्हनलं मग मला सांगायचं नाही? तर म्हनाली, सांगितलं होतं, दोनदा सांगितलं, तू म्हनालीस एवढी मानसं बोटं चाटून खातात, तुम्हालाच काय झालंय.

म्हनाले होते मी. अगदी असंच म्हनाले होते. खाली बसले मी भिंतीला टेकून.

मग ती म्हनते, आमचा डबा आम्ही बनवतो. मी तर पेटलेच. बाही वर केली, हात तिच्या तोंडासमोर धरला, हे बघितलंस? हे पाहिजे तुला? तिनं बघितलं, नीट बघितलं आनि म्हनाली, तुला आजोबांनी कामाला लावलं होतं आई, आम्हाला कोनी लावत नाहीये, आम्ही मागतोय.

एवढीशी पोर. मी बाही खाली ओढली. आमचे हे तिथंच जेवत होते, ताटावरून मान न उचलता म्हनाले, आठ दिवस करू दे, गॅस नाही लावायचा, चपाती तू दे, बाकी त्यांचं त्या बघतील.

पहिल्या दिवशी काय भरलं सांगू? आर्यानं एक चपाती, आत तूप-गूळ, गुंडाळी केली, आनि मूठभर शेंगदाने. बस. मी म्हनलं एवढ्यात चिमनी तरी जगेल का? मग काकडी चिरायला घेतली आनि बोट कापलं तिनं, मी सुरी हिसकावलीच. तर सानिकानं तिचं बोट नळाखाली धरलं, पट्टी लावली, माझ्या हातातून सुरी घेतली आनि परत तिलाच दिली. म्हनाली, बोटं आत वळव, आई वळवते तशी. मी बघतच राहिले. ह्या दोघी उंबऱ्याबाहेरून बघत होत्या मला, इतकी वर्षं.

त्या दुपारी मी दुसरा डबा भरून शाळेपाशी गेले, उपाशी राहिली असनार म्हनून. फाटकातून बघते तर आर्या पायरीवर बसून खातेय. सगळं खाल्लं. बोटाचं तूपपन चाटलं. मी झाकन न उघडता माझा डबा घेऊन घरी आले आनि रस्ताभर मला समजेना, हसू का रडू.

पुढं परीक्षा झाल्यावर मला ताप भरला, उठवत नव्हतं. सकाळी फोडनीच्या वासानं जाग आली. हे तर पहाटेच गाडीवर गेलेले. धडपडत गेले आत. सानिका गॅसपाशी, तीस मानसांचा भात शिजलेला आनि ती फडक्यानं टोप धरतेय. मी कशी पोचले मला माहीत नाही. गॅस बंद केला, तिला ओढली मागं, अशी ओढली की तिच्या दंडावर माझी बोटं उठली. ती म्हनते आई तू झोप ना, सगळे उपाशी राहतील, मी करते. कोनी सांगितलं नव्हतं तिला, बरं का. आपनहून उभी राहिली होती, मायेनं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी म्हनलं, तुझा डबा तुझा, पन त्यांचं जेवन हे तुझं काम नाही, मी मेले तरी नाही.

आनि फोन घेतला, एकेकाला सांगितलं, आज डबा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं ओरडतील, डबे बंद करतील. ते म्हनाले, बरं वहिनी, आराम करा, आम्ही वडापाव खातो. झालं. फोन हातात धरून मी तशीच बसले. एवढंच? एका दिवसाचं जेवन चुकलं तर एवढंच होतं? मग त्या दिवशी माझ्या हाताला फडका गुंडाळून मला शेतात कशाला धाडलं?

आता सानिका आठवीत आहे. मी बाजूला असले तरच एक शेगडी लावायची, असं ठरलंय. उपमा करते, अंडी उकडते, आर्या भरते, मी झाकन उघडून बघत नाही. बघावंसं वाटतं, पन नाही बघत. आर्याच्या गालावर जरा रंग आलाय.

सोमवारी आर्या वही घेऊन आली, आठवड्याचं काय काय करायचं ते लिहितात त्या. म्हनाली, आई, रविवारी आम्ही तुझा डबा करनार, तुला काय आवडतं? मी तोंड उघडलं आनि काही येईचना. तीस जनांचं पाठ आहे मला, कोनाला वांगं चालत नाही, कोनाला डाळ पातळ लागते. माझं काय? पोर पेन्सिल धरून उभी. मी म्हनलं, थांब, उद्या सांगते. चार दिवस झाले, अजून विचारच करतेय.