जावयानं दाखवलेली कोंबडी

...छे हो, कोंबडीला कोण घाबरतंय! ती बघते ना, त्याला घाबरतो. हसू नका! तुम्हाला सांगतो, साधी ब्रॉयलर कोंबडी कुणाकडे ढुंकून बघत नाही. खाते, बसते, परत खाते. आमच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसात निम्मे लोक तसेच आहेत, त्यांची कधी भीती वाटली का? पण हेब्बाळच्या पुढं आमच्या सासऱ्यांची, जयसिंगरावांची, शेड आहे. तिथं मी पाय ठेवला की कलकलाट एकदम बंद! शेकडो माना वळतात. माझ्याकडेच. आणि त्या बघतात.

झालं काय, कोरमंगल्याचा एक हॉटेलवाला मामांना, म्हणजे सासऱ्यांना, म्हणाला, "अण्णा, औषधांवरची कोंबडी गिऱ्हाइकाला नको झालीय. झाडपाल्यावर वाढवा, अख्खा लॉट उचलतो." मामांनी खाद्यात तुळस घातली, अश्वगंधा, शतावरी, लसूण... मांस घट्ट, चरबी कमी, वासही झकास. इथं थांबावं की नाही? पण सासूबाई, सकवारबाई, थांबतील तर शपथ! "नातवंडांना परीक्षेआधी ब्राह्मी देतो की. मग कोंबड्यांनी काय पाप केलंय?" आणि रोज घमेलंभर ब्राह्मी!

अहो, ब्राह्मी! स्मरणशक्ती! कोंबडीच्या आयुष्यात लक्षात ठेवण्यासारखं असतं काय? एकच गोष्ट... मी.

कारण आमच्याकडे पद्धत आहे. चव बघायची ती जावयानं. त्यानं बोट दाखवायचं, ती कापायची, तंगडी त्यानं खायची आणि "छान" म्हणायचं. दर रविवारी माझं बोट, दर रविवारी शेडमध्ये एक कमी. आणि त्या बघत होत्या.

गेल्या महिन्यात लॉट जायचा दिवस आला. फाटकात हॉटेलवाल्याची गाडी. मामा म्हणाले, "जावईबापू, दाखवा बोट!" मी हात उचलला मात्र... अख्खा घोळका दोन बाजूंना सरकला. अगदी शांतपणे! मधे एकच उरली, जरा लंगडी. ती चालत माझ्या बुटापाशी आली, मान वाकडी केली, एक डोळा माझ्यावर लावला. ओरडली नाही हो! ओरडली असती तर बरं झालं असतं...

"मामा, आजपासून मी शाकाहारी!"

हॉटेलवाला पुढं आला. "एनू सार, घरचा जावईच खात नाही? मग माझं गिऱ्हाईक कसं खाईल?" मामांचा चेहरा उतरला. बायको, शिवानी, कानाशी फिसकारली, "बाबांची सगळी मेहनत मातीत घालाल! गप खा!" सासूबाईंनी हॉटेलवाल्यासाठी शिजवलेल्या रश्श्यातली तंगडी माझ्या हातात कोंबली. सगळ्यांसमोर खाल्ली. सगळ्यांसमोर म्हणजे... सगळ्यांच्याच. आणि काय चव, काय वास! मला रडूच फुटलं. हॉटेलवाल्याला वाटलं, चवीनं! "सरी सरी, भरा गाडी!"

गाडी हलली. पिंजऱ्यांच्या जाळीतून माना बाहेर. एक आवाज नाही. आणि त्या बघत होत्या.

लंगडी तेवढी राहिली. जावयानं दाखवलेली कोंबडी विकत नाहीत म्हणे. आता फाटकावर बसून असते, मी गेलो की मामा कापू म्हणतात, मी नको म्हणतो. आणि शाकाहारी जावयाला सासूबाई काय वाढतात? ओंदेलगाची चटणी! ओंदेलगा म्हणजे ब्राह्मीच की! "स्वल्प अजून घ्या, डोक्याला चांगली."

तिच्या भांड्यात ब्राह्मी, माझ्या पानात ब्राह्मी. मी विसरायचं म्हणतो, विसरत नाही. ती तर मुळीच नाही... आणि रविवार काय, मेला दर आठवड्याला येतो.