काल्याच्या प्रसादाची मोसंबी

हॅलो? … हॅलो! आक्का का? … अगं मी रंगनाथ, राहुरीच्या अडतीतनं! … मोठ्यानं बोल, तुझं नगर लई लांब हाय!

व्हय, व्हय, पोरं बरी हायेत. अगं ऐक ना… परवा सप्त्याचं काल्याचं कीर्तन. प्रसादाची मोसंबी दरसाल आपल्या बागेतली, व्हय का न्हाई? … यंदा न्हाई! यंदा चांदभाईची! … बांधाशेजारचा, दुसरा कोण? बुवांनी त्याची फोड खाल्ली अन् म्हनाले, "अमृत!" माझी खाल्ली… नुसतं "राम कृष्ण हरी" म्हनून पानी मागितलं.

हसू नकोस गं!

तू एक कर. बाजारातनं टोपलीभर चांगली मोसंबी घे, उद्याच्या गाडीनं धाड. माझीच म्हनून… … देवाला कशाला फसवीन? चांदभाईला!

बरं, बरं… नको धाडू.

पन माझी झाडं बघ की! त्याच्यापेक्षा हातभर उंच. तो न्हाव्यावानी कातर घेऊन फिरतो, सरळसोट फुटवा दिसला की छाटला! मी एकबी तोडला न्हाई. बुवांनीच सांगितलं हुतं, हिरव्या फांदीला लोखंड लावू नये…

… कुठनं फुटलेत? बुडातनं. व्हय, कलमाच्या जोडाखालनं… काटे? हायेत की, बोटाएवढे… का गं?

…

जंबुरी? ते कलमाखालचं रानलिंबू? म्हंजे मोसंबी उपाशी ठेवून मी खालचा खुंटच पोसला? … अन् तुला कुनी सांगितलं? … चांदभाईच्या बायकोनं, जहिरानं? मग मला का न्हाई सांगितलं? … मी बांधावर तोंड फिरवतो म्हनून? … फिरवतो. व्हय, फिरवतो!

थांब… तोच आलाय दुकानात. काय रं चांदभाई? … आं? …

आक्का, हा काय म्हनतो ऐकलंस? "मान तुझा हाय, माझी फळं तुझ्या नावानं जाऊ दे." … बघ! आता चांगुलपनातबी माझ्या पुढं गेला!

न्हाई, चांदभाई. फळं तुझी, नाव तुझंच… कातर हाय का गाडीत? … मग चल, आधी माझ्या बागेत… पन परवा टोपली माझ्या डोक्यावर! मंडपापतुर! त्ये मातुर तुला देनार न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो!

… हॅलो? आक्का? … गेला वाटतं फोन.