बाटल्या धुणारीची बुरशी

धाकटा: बस म्हणशील, की उभाच ठेवणार?

ताई: स्टूल एकच आहे, त्यावर ट्रे आहे. ट्रेमध्ये अळ्या आहेत. त्यांना मी हलवत नाही.

धाकटा: तीन वर्षं तू इथे काम करतेस? आत्याच्या धान्याच्या खोलीत?

ताई: कामाचं बोल. डब्यात काय आणलंस?

धाकटा: हुमणीच्या अळ्या. बटाट्याच्या मुळाशी सापडल्या, एका वाफ्यात चाळीस. आमचं बुरशीचं पाकीट टाकून महिना झाला, तरी बघ कशा धडधाकट आहेत.

ताई: चांगलं बाळसं धरलंय.

धाकटा: चेष्टा नको, ताई.

ताई: चेष्टा नाही. मी शोधलेल्या बुरशीनं आठव्या दिवशी अळी मरायची आणि बाराव्या दिवशी अंगभर हिरवी पडायची. तुझ्या पाकिटातली कशी दिसते?

धाकटा: भरघोस येते. पांढरी, मऊ, कापसासारखी.

ताई: कापूसच झाला तिचा. खाऊन-पिऊन सुखी झाली, मारायचं विसरली.

धाकटा: बुरशी वाढवायला तांदळाची कणी, ओल, तापमान, सगळं तुझ्या वहीप्रमाणे केलं मी.

ताई: वही उचललीस हे कबूल आहे तर.

धाकटा: शेडमध्ये होती. शेड बाबांची.

ताई: शेड बाबांची. आणि आई कोणाची होती? अकरा आठवडे मी तिच्या उशाशी होते. तू दोनदा आलास, तेही उभ्या-उभ्या. ती गेली, मी परत आले, तर शेडला कुलूप नवं.

धाकटा: झालं ते झालं.

ताई: तुझं झालं. बागायतदारांच्या सभेत मी मागच्या रांगेत बसले होते, ठाऊक आहे? कुणीतरी विचारलं, हे तुमच्या बहिणीनं शोधलं ना? तू हसलास. म्हणालास, "ती? ती बाटल्या धुवायची." मग सगळेच हसले. सात वर्षं माझी, आणि मी बाटल्या धुवायची.

धाकटा: मला वाटलं, पाकिटावर एकच नाव असलेलं बरं.

ताई: असू दे की. आता शिव्या खायलाही एकच नाव.

धाकटा: खातोच आहे. काल दोघं माझ्या फाटकात अळ्यांची बादली ओतून गेले. ताई, एक नळी दे. मूळ बीज तुझ्याकडे आहे. त्या ट्रेमधल्या दोन अळ्या हिरव्या पडल्यात, इथून दिसतंय मला.

ताई: दिसतंय ना? बघून घे.

धाकटा: निदान माझं चुकलं काय ते तरी सांग.

ताई: सांगते. तुझं बीज आता गेलंय, कळून उपयोग नाही, म्हणूनच सांगते. बुरशी नळीतून नळीत आणि नळीतून भातावर फिरवत राहिलास की आयत्या अन्नावर सुस्तावते. चार-पाच फेऱ्या झाल्या की तिला जिवंत अळीवर सोडायची. तिला मारू द्यायचं. मेलेल्या अळीवरून नवं बीज धरायचं.

धाकटा: हे वहीत कुठेच नव्हतं.

ताई: वहीत कशाला लिहू? बाटल्या धुणारीला हे तोंडपाठ असतं.

धाकटा: म्हणजे ही फसणार, हे तुला माहीत होतं?

ताई: नवं कुलूप बघितलं त्या दिवसापासून. डोळ्यांत पाणी होतं, तरी मनात म्हटलं, वर्ष, फार तर दीड वर्ष. तू तीन काढलीस. फार वाट बघायला लावलीस रे.

आत्या: तीन वर्षं?

ताई: आत्या, तू कधी आलीस?

आत्या: घर माझंच आहे. काय म्हणालीस आत्ता? तीन वर्षं तुला ठाऊक होतं?

ताई: याच्या पाकिटाबद्दल बोलत होते.

आत्या: तेच पाकीट मी टाकलं. मागच्या वर्षीही आणि यंदाही, खालच्या तुकड्यात. झाड ओढलं की हातात नुसता पाला येतो.

ताई: याच्याकडून घेतलंस? मला न सांगता?

आत्या: तू भाची, तो भाचा. तुला खोली दिली, त्याचं पाकीट घेतलं. मला कुणालाच दुखवायचं नव्हतं. आणि तू एकदा तरी म्हणालीस का, आत्या, हे टाक, हे चांगलं आहे?

धाकटा: आत्या, तुझ्या शेताचं मी बघतो.

आत्या: तू गप्प बस. तुझा समाचार नंतर घेते.

ताई: बीज तयार होतं. पण बाहेर दिलं असतं तर याला सुगावा लागला असता. सावरला असता हा.

आत्या: म्हणून दाबून बसलीस. माझ्याच छपराखाली.

ताई: हो.

धाकटा: ताई, मी सभेत उभा राहून सांगतो, काम तुझं होतं म्हणून. पाकिटावर तुझं नाव घालतो. फक्त एक नळी.

ताई: बुडत्या पाकिटावर माझं नाव? चांगला आहेस की. सभेत तुला सांगावं लागेलच, मी नळी दिली नाही तरी. लोक सोडायचे नाहीत. नीघ आता. डबा ठेव इथेच, अळ्या मला लागतात.

(धाकटा जातो. बाहेर फाटक आपटतं.)

आत्या: रडत होता तो.

ताई: बघितलं मी.

आत्या: गार वाटलं?

ताई: वाटलं. तू यायच्या आधी जास्त वाटत होतं.

आत्या: माझ्या शेताचं वाईट वाटत असेल तर वाटू दे. मी डोळे पुसायला येणार नाही.

ताई: उद्या सकाळी खालच्या तुकड्यात टाकते.

आत्या: बटाटा कुठे उरलाय तिथे?

ताई: अळ्या उरल्यात. आत्ता मेल्या तर पुढची लागवड वाचेल.

आत्या: आणि बाकीचे? माझ्यासारखेच फसलेत बिचारे.

ताई: त्यांनाही देणार. याच्या एकेका गिऱ्हाइकाच्या बांधावर जाऊन देणार. बुरशीच्या पिशव्या उघड्या गाडीतून नेईन, याच्या फाटकासमोरून. मागच्या रस्त्यानं नाही.

आत्या: हे त्यांच्यासाठी, की त्याला दाखवायला?

ताई: तुझ्याशी खोटं कशाला बोलू? अजून त्याला दाखवायलाच.

आत्या: बरं. अळीला काय, कुणाच्याही रागानं मेली तरी मेलीच. किती पिशव्या तयार आहेत?