न लागणारी खाज

(बंगळूरचं मल्लेश्वरम, १९५९. डॉक्टर अहल्याबाईंचा दवाखाना. सहा वर्षांची मथुरा आत्याच्या, सोयराबाईच्या, मांडीवर बसलेली. तिची आई सकवारबाई दाराजवळच्या बाकावर, हात पदराखाली घेऊन.)

सोयराबाई : म्हणून तर सांगतेय, डॉक्टरम्मा. दसऱ्याला हिनं पोरीच्या गालाला हात लावला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि दिवाळी होते न होते तोच पोरीच्या कोपरात हे निघालं.

डॉक्टर : हिनं म्हणजे?

सोयराबाई : ही सकवार. आमच्या विश्वासची बायको, पोरीची आई. मी आत्या. येलहंक्याहून आणलं मी पोरीला.

डॉक्टर : मूल तुमच्याकडे असतं?

सोयराबाई : दुपट्यात होती तेव्हापासून. बाळंतपणात हिचे हात फुटले हो. भेगा काय, लस काय. आमची आई म्हणाली, या हातांत मूल द्यायचं नाही. मला मूलबाळ नाही, मी नेलं.

डॉक्टर : सकवारबाई, खरंच गालाला हात लावलात?

सकवारबाई : लावला.

डॉक्टर : का बरं?

सकवारबाई : कुंकू सांडलं होतं. पुसलं.

डॉक्टर : इकडे या. हात दाखवा. तसे नाही, फडकं सोडून.

सकवारबाई : चिकटलंय ते.

डॉक्टर : थांबा, ओलं करते... दुखतंय?

सकवारबाई : नाही. म्हणजे, असेल.

सोयराबाई : डॉक्टरम्मा, रबरी मोजे घाला ना. उघड्या हातानं कशाला?

डॉक्टर : गरज नाही, अक्का. हे मलमही उघड्या हातानंच लावते. सकवारबाई, दिवसातून हात किती वेळा धुता?

सकवारबाई : स्वयंपाकघरात जाताना. बाहेर येताना. पाणी भरायच्या आधी. ह्यांच्या शर्टाला हात लावायच्या आधी.

डॉक्टर : कशानं?

सकवारबाई : लाल कार्बोलिकच्या साबणानं. मग कडुनिंबाच्या पाण्यानं. सासूबाईंनी घालून दिलं होतं.

डॉक्टर : त्या काय म्हणतात आता?

सकवारबाई : त्या वारल्या. दोन वर्षं झाली.

डॉक्टर : तरी धुता?

सकवारबाई : सवय झालीय.

डॉक्टर : आणि या मुलीला आंघोळ कशानं घालता, अक्का?

सोयराबाई : त्याच साबणानं. दोन्ही वेळा, खसाखसा. हिचं तिच्यात उतरू नये म्हणून जपलं हो मी. कुणी बोट दाखवू दे. लोकरीचा स्वेटर, पायमोजे, सगळं अंगभर.

डॉक्टर : हं. ये गं मथुरा, हात लांब कर. अश्शी. रात्री खाजवतेस?... मान हलवतेय बघा. आता मी सांगते ते दोघींनीही नीट ऐका. हे इसब आहे. सकवारबाई, तुमचंही तेच, हिचंही तेच. महारोग नाही, खरूज नाही, गजकर्ण नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. शेजारी झोपा, एका ताटात जेवा, लागत नाही.

सोयराबाई : लागत नाही कसं? मग हिला कुठून आलं?

डॉक्टर : तुमच्या माहेरी दमा कुणाला होता?

सोयराबाई : दमा? दम्याचं काय मध्येच?... आमच्या अण्णांना होता. धनुर्मास आला की बसून रात्र काढायचे बिचारे.

डॉक्टर : आणि विश्वासरावांना?

सोयराबाई : विश्वासला स्वल्प आहे. धुळीनं शिंका येतात.

सकवारबाई : थंडीत छाती वाजते त्यांची. भिंतीपलीकडून ऐकू येते.

डॉक्टर : दमा आणि असली कातडी पुष्कळदा एकाच घराण्यात सापडतात. हिला आईकडून आलं असेल, बापाकडून आलं असेल, दोन्हीकडून आलं असेल. हात लावून नाही आलं. जन्मतानाच बरोबर घेऊन आलीय ती.

सोयराबाई : आमच्याकडून?

डॉक्टर : तुमच्याकडूनही. यात कुणाचा दोष नाही, अक्का. बघा, कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या कातडीचे पापुद्रे, एकमेकांना धरून बसलेले. जुने पापुद्रे सुटून पडावेत म्हणून अंगातच रस असतात, एन्झाइम म्हणतात त्यांना. पोटात अन्न पचवणारे असतात ना, त्याच जातीचे. काही जणांत हे रस गरजेपेक्षा जास्त चावतात, असं दिसतं. पक्कं कळलेलं नाही अजून, शोध चाललेत. पण पापुद्रे लवकर सुटले की कातडी उघडी पडते. धूळ, लोकर, साबण, सगळं आत शिरतं. मग अंग चवताळतं. तिथं रक्त धाडतं, लाली येते, गरम लागतं, सुजतं, लस येते. याला दाह म्हणायचं. दाहानं खाज येते, खाजवलं की कातडी आणखी उघडी पडते. फिरून तेच.

सोयराबाई : आणि साबण?

डॉक्टर : साबणानं वरची स्निग्धता जाते, आणि त्या रसांना जोर चढतो असाही काहींचा कयास आहे. यांचे हात बाळंतपणात फुटले ते एक वेळ आपोआप बसले असते. धुऊन धुऊन पेटते ठेवलेत ते.

सोयराबाई : म्हणजे मी पोरीला...

डॉक्टर : तुम्ही जपलंत. जे सांगितलं होतं त्यानं जपलंत.

सोयराबाई : नेलं नसतं, तरी हे निघालं असतं?

डॉक्टर : निघालं असतं. कदाचित कमी.

सकवारबाई : डॉक्टरम्मा, एक विचारू?

डॉक्टर : विचारा ना.

सकवारबाई : लागत नाही, हे तेव्हा माहीत होतं का कुणाला? ही झाली तेव्हा?

डॉक्टर : होतं. त्याच्या पुष्कळ आधीपासून.

सकवारबाई : सरी. बरं.

डॉक्टर : कुणा डॉक्टरला दाखवलं नव्हतं?

सकवारबाई : हे म्हणाले होते एकदा, दाखवू या. मग राहिलं. वाईट नाहीत ते. माझं ताट वेगळं असायचं, पण घासून मांडायचे ते स्वतः.

डॉक्टर : पाणी देऊ तुम्हाला? रडू येत असेल तर येऊ द्या. इथं कुणी काही म्हणणार नाही.

सकवारबाई : नाही येत. काही वाटायला पाहिजे, नाही का? तुम्ही लावलंत ते मलम गार लागतंय, तेवढं कळतंय.

डॉक्टर : हे मलम नवीन आहे, दाह खाली बसवतं. मुलीला दोनदा, अगदी पातळ. बाकी वेळ नुसतं व्हॅसलिन, तुम्हालाही. साबण बंद, लोकर बंद. आणि पंधरा दिवस रोज मला दाखवायचं. घर कुठं तुमचं?

सकवारबाई : इथंच. आठव्या क्रॉसच्या गल्लीत.

डॉक्टर : मग मुलगी पंधरा दिवस तिथंच राहू दे.

सोयराबाई : मी आणीन की रोज गाडीनं. येलहंका काय लांब आहे?

डॉक्टर : त्या धुळीत, घामात? नको.

सोयराबाई : अहो, तिला सवय नाही हिची. मला आई म्हणते ती. हिला काय म्हणते विचारा. मल्लेश्वरमची काकी म्हणते.

सकवारबाई : वन्सं, तुम्ही पण चला. तुमच्याशिवाय जेवायची नाही ती.

सोयराबाई : मला राहा म्हणतेस? आत्ता तर मी तुझ्यावर नाही नाही ते बोलले.

सकवारबाई : ते रोजचंच. मधल्या खोलीत जागा आहे.

सोयराबाई : भांड तरी माझ्याशी, सकवार. पोर नेली मी तुझी.

सकवारबाई : आधी भांडायचे. मनात. आता शोधते तर सापडत नाही.

सोयराबाई : ...काय गं मथुरा? कानात काय सांगतेस? अगं, मोठ्यानं बोल... विचारतेय, काकीला पण खाजतं का म्हणून.

सकवारबाई : खाजतं. तुझ्यासारखंच.

डॉक्टर : बघा, बघतेय तुमच्या हातांकडे. लपवू नका.

सोयराबाई : आज मला राहता यायचं नाही. घरी सांगितलेलं नाही, दारात म्हैस बांधलेली. उद्या सकाळच्या गाडीनं पोरीचे कपडे घेऊन येते.

सकवारबाई : आणि आजची रात्र?

सोयराबाई : आजची रात्र तू बघ. सारू-भात दे, तिखट नको. गोष्ट सांगायची नाही, झोप उडते. नुसतं थोपटायचं.

सकवारबाई : बरं.

सोयराबाई : झोपेत खाजवते. रक्त येईपर्यंत ओरबाडते. रात्रभर हात धरून ठेवावा लागतो.

सकवारबाई : मी धरू?

सोयराबाई : मग कोण धरणार?

सकवारबाई : कुठला?

सोयराबाई : उजवा. आणि घट्ट नको धरूस. जागी होते.