आत आहे, आत आहे

— नाही नाही, बसा हो, शिक्का मिळायला वीस मिनिटं तरी लागतात इथे. डोळे तपासायला दोन मिनिटं आणि कागदाला वीस — हॅनोव्हरमध्ये नवे दिसता, म्हणून सांगितलं. मघाशी फोनवर आईला 'पोचलो गं' म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं. इकडचं लायसन्स काढायचंय? गेनाऊ, अगदी बरोबर, मग ही तपासणी आलीच. मीही लायसन्ससाठीच आलोय, फक्त माझं रेसिंगचं. हो, रेसिंगचं — हसताय काय! नाडगौडा, पुष्कर नाडगौडा. नाव ऐकलं नसेलच, आपल्या लोकांत कुणीच ऐकलेलं नाही. स्टॉक कार म्हणतात. बाहेरून रस्त्यावरच्या गाडीसारखी, आत सगळं काढून टाकलेलं — एक सीट आणि लोखंडी पिंजरा. आणि गोल ट्रॅक. सरळ जायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा सरळ, पुन्हा डावीकडे. सोळा वर्षं मी पोटासाठी डावीकडे वळतोय.

आलो होतो मास्टर्स करायला, सगळ्यांसारखाच. मग एर्लांगेनला नोकरी लागली — कायमची बरं का, उनबेफ्रिस्टेट — हा शब्द ऐकून आईनं पुण्यात पेढे वाटले होते. ती सोडली. आई अजूनही सगळ्यांना सांगते, 'आमचा पुष्कर ऑटोमोबाइलमध्ये असतो.' खोटं काय आहे त्यात? पिंजऱ्याचे पट्टे आवळले की बाहेर पडताच येत नाही. बक्षिसं? दोनदा तिसरा आलो, एकदा दुसरा. दुसरा आलो तेव्हा पुढचे चौघं एकमेकांवर आदळले होते, पण ते आपण सांगायचं नाही. माझ्या गाडीच्या दारावर सॉसेजची जाहिरात असते आणि मी जन्माचा शाकाहारी — सासूबाईंना फोटो पाठवताना वसुधा दार कापून पाठवते. वसुधा म्हणजे माझी बायको. आणि माझे डोळेसुद्धा — म्हणजे, म्हणायची पद्धत हो. प्रत्येक ड्रायव्हरचा एक माणूस वर मनोऱ्यावर उभा असतो, दुर्बीण घेऊन, आणि रेडिओवरून सांगत असतो की बाजूला कोण आलंय. हेल्मेट घातलं की मान वळत नाही ना. माझ्यासाठी वसुधा उभी राहते. आणि मराठीत सांगते! ही माझी आयडिया. बाकीचे चोरून ऐकतात एकमेकांचं, आमचं ऐकून काय करणार? 'आत आहे' म्हणजे डावीकडे गाडी आहे, 'मोकळं' म्हणजे घुसा. संपलं. सोळा वर्षांत आमचं एवढं नीट बोलणं घरीसुद्धा झालं नसेल.

आता नाही उभी राहत. पास काढून घेतला तिचा. गेल्या महिन्यात रेसमध्ये मी गाडी डावीकडे घेतली आणि तिथे मार्कुसची गाडी होती. चांगला पोरगा आहे. खांदा मोडला, दोन बरगड्या गेल्या, ह्या मोसमात काही तो येत नाही. चौकशी झाली. पंच तीन, तिघंही जर्मन, आणि समोर मराठीतलं रेकॉर्डिंग. त्यांनी तिलाच विचारलं, बाई, ह्याचा अर्थ काय? ती म्हणाली, 'मी मोकळं म्हणाले, चूक माझी.' झालं. तिचा पास गेला आणि मला नुसती समज. होतात हो चुका माणसाकडून, दिवसभर उन्हात उभं राहून —

असं बघू नका. बरं, नव्हती म्हणाली ती 'मोकळं'. 'आत आहे, आत आहे, पुष्कर, आत आहे' — तीनदा. मला ऐकू आलं होतं. पण मी आरशात बघितलं, मला कुणी दिसलं नाही, आणि म्हटलं, ही उगीच घाबरते. आल्झो, म्हणजे असं की, माझा डावा डोळा — दोन वर्षांपूर्वी भिंतीवर आदळलो तेव्हापासून जरा धुरकट आहे. जरा म्हणजे, बाजूचं नाहीच दिसत. तिला माहीत होतं. ती 'आत आहे' दोन गाड्यांचं अंतर असतानाच सांगायला लागली होती. आणि त्या खोलीत मी तिच्याशेजारी बसलो होतो, समोर पाण्याचा ग्लास होता, तो उचलून प्यायलो. एवढंच केलं मी. लाज वाटते? वाटते ना. घरी येताना गाडी तीच चालवत होती, म्हणाली, 'खोटं एकदा बोलले. पुढचं तू तुझ्या डोळ्यांनी बघ.'

म्हणून तर आज आलोय. इतकी वर्षं इथे एकच तक्ता होता, मला पाठ होता — म्हणजे बघून बघून होतोच ना पाठ. आता ह्या नव्या डॉक्टरीणबाई, त्यांनी तक्ता बदललाय. ऐका, तुम्ही आत्ताच वाचून आलाय. खालून दुसरी ओळ, पाच गोल असतील, प्रत्येकाला एका बाजूला फट. ती कुठे कुठे होती तेवढं सांगा. रविवारी शेवटची रेस आहे, मग मी स्वतःच सोडणार आहे, वसुधाची शपथ. मार्कुसचं काय ते मी बघेन, भेटून येईन त्याला — फुलं घेऊन जाईन. आता कुठल्याही क्षणी नाव पुकारतील, मी दाराकडेच बघतोय. पाचच गोल हो. पहिल्याची फट वर होती का खाली?

सांगा ना. आपल्या माणसासाठी एवढंसुद्धा —

अहो?

अहो, डाव्या खुर्चीत होतात ना तुम्ही? कधी उठलात?

… हो, हो, नाडगौडा मीच. येतो.