मॅग्नेट बेवर

हॅलो?… हां ताई, बोल. कंपनीच्या पत्राचा फोटो नीट आला ना?… नाही गं, बरी आहे मी. जेवले. तू आधी सांग, काय लिहिलंय?… शोध थांबवला, ते कळलं मला. पुढचं सांग.

ओशनच लिहिलंय?… नक्की? परत वाच ना… अगं ऐक ना, सोमवारी कंपनीतून फोन आला तेव्हा तो माणूस बे म्हणाला होता. हे डेकवरून पडले तेव्हा जहाज बेमध्येच होतं म्हणाला. आणि बे म्हणजे तीन बाजूंनी जमीन… हो, हो, मोठा असतो, माहितीये मला. तरी जमीन ती जमीन. कुठेतरी लागले असतील काठाला, हेच धरून बसलेय चार दिवस.

इंग्रजी तू शाळेत शिकवतेस ताई, पण हे शब्द मला यांनी शिकवलेत. बे म्हणजे जहाज बंदराला, तासभर गप्पा. स्ट्रेट म्हणजे दोन्हीकडे किनारा, दहा मिनिटं रेंज, तेवढ्यात गॅस संपला का ते छोटीचे मार्क, सगळं उरकायचं. सी असला तर फोन लागला तर लागला. आणि ओशन म्हणजे फोनच नाही… हो, हे चार शब्द लिहिलेला तोच फ्रिजवरचा कागद. छोटी त्यावर होडीचं मॅग्नेट सरकवते ना, बाबा असतील त्या शब्दावर.

काय सांगू तुला… रविवारी हेच म्हणाले होते, पहाटे बे सोडतोय, आता बारा दिवस ओशन. छोटीने सरकवलंही होतं. सोमवारी त्या माणसाचं ऐकून मीच वेड्यासारखं परत बेवर आणलं. मला माहीत होतं गं! यांचं सोडून त्याचं खरं धरलं मी…

नाही, तिला नाही सांगितलं अजून. काय सांगणार होते?… रडत नाहीये…

थांब, बेल वाजली. आली शाळेतून…

अगं, बूट काढ आधी… काय करतेस तिथे?…

ताई… तिने मॅग्नेट ओशनवर नेलं. म्हणते, आई, तू चुकीचं लावलंस, बाबा बेमध्ये असता तर फोन आला असता… आठ दिवस राहिले म्हणते. बोटांवर मोजून दाखवतेय मला…

नको, तू यायची वाट नाही बघत. आठ दिवस नाही मोजू देणार मी तिला… हो. ठेवते.

बाळा, दप्तर राहू दे. इकडे ये, माझ्याजवळ बस.