चौथं प्रभुभोजन

...व्हय साहेब, अहवाल म्याच लिवलाय. शुद्धलेखन चुकलं असंल, त्याची माफी करा. आठवीतनं शाळा सुटली, भारी शब्द मला येत न्हाईत, आणि चार माणसांपुढं बोलायची सवय न्हाई. पलीकडं बसा, तो बाक डुगडुगतो. तुमी पुण्यातनं, बिशपसाहेबांच्या कचेरीतनं आलाय, ह्या वेल्ह्याच्या देवळाला कुलूप लावायचं का न्हाई ते ठरवायला — मग बोलावं तर लागणारच. इच्यारा.

वर्षभरात काय झालं? लिवलंय की. नाताळाला चिंचेवर चांदणी लावली, पाद्रीसाहेब आले, पाऊण तासात गेले. ईस्टरला आले. ऑक्टोबरात हंगामाच्या सणाला आले — लोकांनी वेदीपुढं भाताच्या पेंढ्या, नाचणी, काकड्या ठेवल्या, त्यातल्या कवळ्या काकड्या गाडीच्या डिकीत गेल्या. हे न्हाई लिवलं. अहवालात काकड्या कशाला? बाकीच्या रविवारी मी घंटा वाजवतो, प्रार्थनापुस्तकातनं वाचतो, नऊ माणसं आमेन म्हणत्यात. हसू नका. नऊ तर नऊ.

काय? व्हय, उपासनेला पाद्रीसाहेब तीनदाच आले. प्रभुभोजन चारदा लिवलंय? बघू — हां. हात वळला असंल. चुकून. उपासनेची वही कशाला पायजे? ती... कुठं ठेवलीय कुणास ठाऊक. सापडंना.

चाराचं तीन कर, खाली सही कर, मग मी वरती चांगलं लिवतो, देऊळ चालू ऱ्हाईल — असं म्हणताय? लई सोपं हाय की. पेन बी तुमीच पुढं केलंत, टोपण काढून. एका आकड्याचं तर काम. एका आकड्याचं! नलूआत्या ठाऊक हाय का तुमाला? कशी असंल. चाळीस वर्षं तिनं वेदीवरचं फडकं धुतलं, निळीत बुचकळून, इस्त्री करून. ऑगस्टात तिनं अंथरूण धरलं. म्हणाली, "कुमार, पाद्रीला बोलीव. प्रभुभोजन घिऊन मग जाते." म्या फोन केला. मंगळवारी म्हणाले, शुक्रवारी येतो. शुक्रवारी म्हणाले, रस्त्यावर दरड पडलीय. साहेब, त्या दिवशी एसटी आली, पाववाला आला, तोरण्यावर चढायला पुण्याची पोरं आली — दरड काय ती एकट्या पाद्रीसाहेबांवर पडली! शनिवारी तर फोन उचललाच न्हाई. अकरा वेळा लावला म्या.

मग काय? मग कायबी न्हाई. बसलो तिच्याजवळ. — तुमी कदी असं बसलाय? गाडीचा आवाज आला की ती मान उचलायची. दुधाचा टेम्पो असायचा. पुन्यांदा उचलायची. संध्याकाळपातूर असंच. ह्याला तुमच्या कागदात रकाना हाय का? दाखवा मला, कुठं भरू? नियम सांगू नका, नियम मला पाठ हाय. प्रभुभोजनाची भाकर पाद्र्याबिगर कुणी मोडायची न्हाई, द्राक्षारस कुणी द्यायचा न्हाई. द्राक्षारसाच्या कपाटाची किल्ली बी त्यांच्याच खिशात, तिकडं पुण्यात. शेजारच्या रत्नामावशीनं तांदळाची भाकरी केली. जांभळाचं सरबत आत्यानंच उन्हाळ्यात करून ठेवल्यालं. प्रार्थना मला येत व्हती, ती म्हणली आणि भाकर मोडली. आत्यानं जीभ पुढं केली, लेकरागत. गिळलं. मग म्हणाली, "तू बी घे रे. मी एकटी नको जेवाय." घेतलं मी. पहाटं ती गेली.

झालं. आलं तोंडातनं. आता लिवा — कुमारनं नियम मोडला. मला काढा, घंटेला हात लावू दिऊ नका. पाद्रीसाहेब मातीच्या येळंला मात्र बरोब्बर आले, पांढऱ्या झग्याला इस्त्री करून, त्यांचं बी लिवा. पण चाराचं तीन करायचं न्हाई. तीन केलं की आत्या उपाशी गेली असं व्हतं. ती जेवून गेलीय.

ते पेन घ्या तुमचं. उठा आता. जाताना दार ओढू नका, उघडंच ऱ्हाऊ द्या.

अजून काय? वहीच बघायचीय? मघापासनं मी वहीवरच बसलोय, साहेब. ही घ्या. पान मीच काढून देतो. आत्या गेली तो रविवार व्हता. सकाळी घंटा वाजवली. आठ माणसं आली. त्यांच्यादेखत ही उघडली, शनिवारची तारीख टाकली, पुढं लिवलं — प्रभुभोजन, घेणारे दोन. आणि पाद्रीसाहेब जिथं सही करत्यात, तिथं माझं नाव लिवलं. शाईनं.